चरबी नेमकी कधी जळते?

व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर बहुधा एक रंगीत तक्ता असतो. वयानुसार नाडीचे ठोके अमुक ते अमुक ठेवले की तुम्ही ‘फॅट बर्न’च्या पट्ट्यात, त्याच्या वर गेलात की ‘कार्डिओ’. मनगटावरची घड्याळंही आता हेच सांगू लागली आहेत. ते वाचून मनात एक चित्र तयार होतं: शरीरात कुठेतरी एक खटका आहे, तो एका बाजूला असला की साखर जळते आणि दुसऱ्या बाजूला टाकला की चरबी. मग चांगला पळू शकणारा माणूसही घड्याळाकडे बघून वेग कमी करतो. का, तर चरबी जळायची थांबू नये म्हणून.

तक्त्यातली मोजमापं बऱ्यापैकी खरी आहेत. घोळ आहे तो या खटक्याच्या चित्रात. आणि त्याच चित्राच्या आधारावर कर्बोदकं (साखर आणि पिष्ट) जवळजवळ बंद करणारा कीटो आहार, उपाशीपोटी व्यायाम, मधुमेह नसलेल्यांनी दंडावर चिकटवलेले ग्लुकोज सेन्सर असं बरंच काही उभं राहिलं आहे. म्हणून शरीर ही दोन जळणं वापरतं तरी कसं, ते मुळापासून बघू.

पेशीला हवं असतं एटीपी

स्नायू आखडायचा असो, मज्जातंतूतून संदेश जायचा असो किंवा नवं प्रथिन बांधायचं असो, पेशी थेट साखर किंवा चरबी वापरत नाही. तिला एटीपी नावाचा एक छोटा रेणू लागतो. त्याचा एक तुकडा सुटा झाला की कामापुरती ऊर्जा हाती येते. गंमत अशी की एटीपीचा साठा करायची सोयच शरीरात नाही. कोणत्याही क्षणी अंगात ते जेमतेम पन्नास ते अडीचशे ग्रॅम असतं, पण दिवसभरात मोडलेलं आणि पुन्हा जोडलेलं एटीपी मोजलं तर ते साधारण आपल्या वजनाइतकं भरतं. म्हणजे ते सतत, सेकंदासेकंदाला बनवत राहावं लागतं.

बनवायचं कशापासून? मुख्यतः ग्लुकोज या साखरेपासून आणि चरबीपासून. प्रथिनंही वापरली जातात, पण नेहमीच्या दिवशी त्यांचा वाटा लहान. बहुतेक काम पेशीतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नावाच्या छोट्या भट्ट्यांमध्ये होतं. तिथे जळणातल्या कार्बन आणि हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, आणि सुटलेल्या ऊर्जेतून एटीपी जोडलं जातं.

याला चुलीची उपमा बरी लागू पडते. बारीक काटक्या घातल्या की भर्रकन जाळ होतो आणि तितक्याच लवकर विझतो. ओंडका पेट घ्यायला वेळ लावतो, पण एकदा धरला की तासन् तास जळत राहतो. ग्लुकोज म्हणजे काटक्या, चरबी म्हणजे ओंडका. चुलीत दोन्ही एकाच वेळी असतात. बदलतं ते प्रमाण.

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, ते श्वासातून मोजता येतं. ग्लुकोज जळताना जितके रेणू ऑक्सिजन वापरला जातो तितकेच रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, गुणोत्तर १. चरबीच्या रेणूत मुळात ऑक्सिजन फारच कमी असल्यामुळे ती जाळायला बाहेरून जास्त घ्यावा लागतो. तिचं गुणोत्तर ०.७ च्या आसपास येतं. रात्रभर काही न खाल्लेल्या आणि स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचा श्वास तपासला तर आकडा साधारण ०.८ च्या जवळपास निघतो. त्याचा अर्थ, या दोन जळणांपुरतं बोलायचं तर, सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा चरबीतून येते आहे. ट्रेडमिल नाही, घड्याळ नाही, नुसतं पडून असताना.

साठा किती आणि कुठे

सुमारे पाच लिटर रक्तात सगळं मिळून ग्लुकोज असतं ४ ते ५ ग्रॅम. एक चहाचा चमचा! यावर शरीर काही मिनिटंच चालेल. म्हणून मागे राखीव साठा असतो: ग्लुकोजचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून केलेलं ग्लायकोजेन. मोठ्या माणसाच्या यकृतात ते साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या घरात असतं. एका ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर हा सगळा साठा २,००० कॅलरींचा, जेमतेम एका दिवसाचा. त्यातही स्नायूंमधलं ग्लायकोजेन त्या त्या स्नायूलाच वापरता येतं. ते ग्लुकोज म्हणून रक्तात सोडायची व्यवस्था स्नायूंकडे नाही. बाकीच्या शरीराला साखर पुरवायचं काम यकृताचं. यकृत हे काम करतं आणि त्यासाठी ग्लायकोजेन साठवतं, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवून दिलं.

चरबीचा हिशेब अगदी वेगळ्या मापाचा आहे. ७० किलोच्या, अजिबात लठ्ठ न दिसणाऱ्या माणसाच्या अंगावरही १५ किलो चरबी सहज असते. ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्या तर झाल्या १,३५,००० कॅलरी.

एवढी ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात का साठवली जात नाही? कारण ग्लायकोजेन पाणी धरून ठेवतं; एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. म्हणजे भिजलेल्या ग्लायकोजेनमधून ग्रॅममागे एकच कॅलरी मिळते. १,३५,००० कॅलरी तशा साठवायच्या तर १३५ किलो ओझं लागेल आणि ७० किलोच्या माणसाचं वजन १९० किलो होईल. चरबी कोरडी साठते, म्हणून सुटसुटीत. ज्यांना वजन परवडतच नाही त्या पक्ष्यांमध्ये हे लख्ख दिसतं. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं एक कोवळं पाखरू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत साडेतेरा हजार किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. या पक्ष्यांचं असं उड्डाण मुख्यतः अंगात साठवलेल्या चरबीवर होतं. साखरेच्या साठ्यावर ते जमलं नसतं.

एकेरी रस्ता

इथे चुलीची उपमा अपुरी पडते, आणि नेमकी तीच गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. शरीर साखरेची चरबी करू शकतं. चरबीची साखर मात्र करू शकत नाही.

चरबीचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या छोट्या कण्याला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. जाळताना या साखळ्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे केले जातात. ग्लुकोजसुद्धा जळताना याच दोन कार्बनी तुकड्यापर्यंत येतं, पण त्या शेवटच्या पायरीवरून मागे फिरता येत नाही. रुजणाऱ्या तेलबीला ते जमतं. ती आपल्यातल्या तेलापासून साखर बनवते आणि त्यावर कोंब वाढवते. माणसाकडे ती यंत्रणा नाही. चरबीतल्या ग्लिसरॉलपासून तेवढी थोडी साखर होते, बस.

याने अडतं कुठे? तांबड्या रक्तपेशींमध्ये तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे त्यांना साखरेशिवाय दुसरं काही चालत नाही. आणि मेंदू. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना एकूण ऊर्जेतला वीस टक्के वाटा घेणारा. दिवसाला त्याला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि मेदाम्लं तो जळण म्हणून जवळजवळ वापरतच नाही. आता वरचा आकडा पुन्हा पाहा: यकृतात साखर १०० ग्रॅम, मेंदूची रोजची गरज १२० ग्रॅम. शरीराची साखरेबाबतची सगळी काटकसर या दोन आकड्यांतून येते. काही तास खाणं मिळालं नाही की स्नायू आणि इतर अवयव चरबीकडे वळतात, म्हणजे साखर मेंदूसाठी उरते. हृदय तर एरवीही आपलं बरंचसं काम मेदाम्लांवरच भागवतं.

उपास लांबला तर यकृतातलं ग्लायकोजेन दिवसाभरात संपत येतं. मग यकृत इतर कच्च्या मालापासून साखर बनवतं: तांबड्या पेशींनी साखर अर्धवट मोडून टाकलेलं लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल आणि स्नायू मोडून मिळालेली अमिनो आम्लं. पण रोज स्नायू मोडत राहिलं तर चरबी शिल्लक असतानाच माणूस खलास व्हायचा. त्यावरची तोड म्हणजे कीटोन. यकृत मेदाम्लांपासून हे छोटे, पाण्यात विरघळणारे रेणू बनवतं आणि मेंदू ते वापरू शकतो. अमेरिकी संशोधक जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६० च्या दशकात दीर्घ उपासावर असलेल्या लोकांवर मोजमापं केली, तेव्हा काही आठवड्यांनंतर मेंदूची बरीचशी, जवळपास दोन तृतीयांश, गरज कीटोनवर भागते असं आढळलं. उरलेल्यासाठी साखर लागतेच. ज्याला आज ‘कीटो’ म्हणून विकलं जातं ती मुळात उपासमारीत मेंदू आणि स्नायू वाचवण्याची सोय आहे.

प्रमाण ठरवतं कोण?

मुख्यतः इन्शुलिन. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, आणि ते एकाच वेळी तीन ठिकाणी काम करतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी दारं वाढवतं. यकृताला सांगतं की साखर सोडणं थांबव, साठव. आणि चरबीच्या पेशींमधून मेदाम्लं बाहेर पडणं रोखतं. लोकांना पहिलं काम ठाऊक असतं. तिसरं फारसं कुणी सांगत नाही. खरं तर त्या तिसऱ्या कामाला इन्शुलिन सगळ्यांत कमी लागतं.

म्हणजे जेवणानंतरचे काही तास साखर जास्त जळते आणि चरबी कुलपात राहते. मग इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन नावाचं उलट काम करणारं संप्रेरक वर येतं, यकृत साखर सोडू लागतं आणि मेदाम्लं रक्तात उतरतात. रात्री झोपेत हेच चाललेलं असतं. हे कुलूप दिवसातून अनेकदा लागतं आणि अनेकदा उघडतं.

मग ट्रेडमिलचा तक्ता काय सांगतो?

तो प्रमाण सांगतो, एवढंच. सावकाश चालताना ऊर्जेचा मोठा वाटा चरबीतून येतो. वेग वाढला की साखरेचा वाटा वाढत जातो आणि दम लागेल इतक्या जोरावर तोच वरचढ होतो.

याचं कारण चरबीच्या लांब प्रवासात आहे. मेदाम्लं आधी चरबीच्या पेशीतून सुटायची, मग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावर बसून स्नायूपर्यंत यायची, मग तंतुकणिकेच्या दारातून एका ठरावीक वाहकाच्या मदतीने आत जायची. या मार्गाच्या वेगाला मर्यादा आहे. ग्लायकोजेन मात्र स्नायूतच तयार असतं. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेतून थोडी जास्त ऊर्जा निघते: लिटरमागे चरबीतून ४.७ कॅलरी, तर साखरेतून ५. आणि जीव तोडून पळताना ऑक्सिजन कमी पडला तर साखर ऑक्सिजनशिवायही अर्धवट मोडून थोडं एटीपी देते. चरबीला ते शक्यच नाही.

आता प्रमाण आणि एकूण यांतला फरक. समजा, तासभर संथ चालून २४० कॅलरी खर्च झाल्या आणि त्यातल्या ६० टक्के चरबीतून आल्या. म्हणजे १४४ कॅलरी, १६ ग्रॅम चरबी. तोच माणूस तासभर पळाला, ६०० कॅलरी खर्च झाल्या आणि चरबीचा वाटा फक्त ३० टक्के होता. म्हणजे १८० कॅलरी, २० ग्रॅम. टक्केवारी निम्मी, तरी चरबी जास्त. आणि पळताना जी शंभरेक ग्रॅम साखर संपली तिची जागा पुढच्या जेवणातल्या साखरेने आधी भरून निघते, त्यामुळे नंतरच्या तासांत चरबीवर जास्त भिस्त राहते. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. प्रत्येकाचे वेगळे येतील. पण घड्याळ बघून मुद्दाम हळू होणाऱ्याने काय कमावलं, हा प्रश्न त्यातून सुटतो. ज्यांना पळणं झेपत नाही किंवा गुडघे नको म्हणतात त्यांनी जास्त वेळ चालावं. तेही तितकंच चांगलं, फक्त कारण ‘पट्टा’ हे नाही.

उपाशीपोटी व्यायामाचंही असंच. त्या तासात चरबी जास्त जळते, हे खरं. पुढच्या चोवीस तासांचा हिशेब केला की तो फरक बहुतांशी भरून निघतो.

“पण कर्बोदकं बंद केली तर इन्शुलिन उतरेल आणि चरबीच जळेल ना?”

जळेल. पण कुठली? कर्बोदकं कमी आणि तेल-तूप जास्त खाल्लं तर जळणारी बरीचशी चरबी आत्ताच पोटात गेलेली असते. अंगावरची उतरायची तर जितकी आत आली त्यापेक्षा जास्त जळावी लागते.

पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं ते याहून साध्या कारणाने. पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन रिकामं झालं की त्याबरोबरचं दीड लिटर पाणीही जातं. काटा दोन किलो खाली, आणि त्यात चरबी थोडीशीच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने १९ लठ्ठ व्यक्तींना कडक देखरेखीखाली ठेवून हे तपासलं. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा फक्त कर्बोदकं कापून आणि एकदा फक्त चरबी कापून, दोन्ही वेळा सारख्याच कॅलरी कमी केल्या. कर्बोदकं कापल्यावर इन्शुलिन उतरलं आणि चरबी जळण्याचं प्रमाणही वाढलं. तरीही सहा दिवसांत अंगावरची चरबी जास्त गेली ती आहारातली चरबी कापल्यावर. दीर्घ मुदतीत हा फरकही विरतो. स्टॅनफर्डमधल्या ६०९ जणांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेर कमी चरबीवाल्यांचं सरासरी वजन ५.३ किलोने आणि कमी कर्बोदकंवाल्यांचं ६ किलोने घटलं; संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कर्बोदकं कमी केल्यावर काहींची भूक आटोक्यात राहते, टाइप २ मधुमेहात साखर सुधारते. हे फायदे खरे आहेत. ते चरबीचं कुलूप उघडल्यामुळे मिळतात, हे स्पष्टीकरण तेवढं टिकत नाही.

“मी तेलकट खातच नाही, मग चरबी येते कुठून?”

साखरेची चरबी होते, असं वर म्हटलं. पण रोजच्या खाण्यात माणसाचं शरीर ते फार थोडं करतं. जास्तीची साखर आली की शरीर ती आधी जाळतं, आणि तेवढी चरबी जाळायची राहून जाते. जेवणात थोडीफार चरबी असतेच. ती सरळ साठ्यात जाते. साखर स्वतः चरबी न होताही चरबी वाढवते ती अशी. ग्लायकोजेनची कोठारं तुडुंब भरल्यावरही गोड खाणं चालूच राहिलं, तर मात्र थेट रूपांतरही वाढतं, विशेषतः यकृतात.

दंडावरच्या सेन्सरबद्दलही इथेच सांगून टाकतो. जेवणानंतर साखर चढणं आणि दोन-तीन तासांत उतरणं हे निरोगी शरीराचं नेहमीचं काम आहे. तो आलेख कोणतं जळण किती जळतं आहे ते दाखवत नाही. जेवणानंतर चाललं की तो चढ कमी होतो, कारण हलणारे स्नायू इन्शुलिनची वाट न बघता ग्लुकोजची दारं उघडतात.

गेलेली चरबी जाते कुठे?

घामातून नाही, घाम म्हणजे पाणी आणि क्षार. ‘ऊर्जेत बदलते’ हेही उत्तर चुकीचं, कारण अणू कुठेतरी गेलेच पाहिजेत. २०१४ मध्ये रुबेन मिरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हा हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना हा प्रश्न विचारला होता. बहुतेकांचं उत्तर चुकलं. नुसता जोरजोरात श्वास घेऊन मात्र काही साधत नाही, जळण आधी पेशीत जळावं लागतं. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाईल ही आशाही सोडावी: मेदाम्लं रक्तात येतात ती अंगभरातून, काम करणाऱ्या स्नायूच्या शेजारून येतात असं नाही.

इन्शुलिनच नसेल तर

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंड इन्शुलिन बनवू शकत नाही. मग कुलूप कायमचं उघडं राहतं. रक्तात साखर भरपूर, पण स्नायूंना ती नीट घेता येत नाही. यकृत आणखी साखर ओततं. चरबी अनिर्बंध बाहेर पडते आणि यकृत तिचे कीटोन करत सुटतं. कीटोन आम्लधर्मी असल्यामुळे रक्ताची आम्लता धोकादायक पातळीवर जाते. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिन वेगळं करण्यात यश येईपर्यंत या आजाराच्या मुलांना डॉक्टर अर्धपोटी ठेवत. आयुष्य थोडं लांबवण्याचा तेवढाच उपाय हाती होता.

आज हा धोका आणखी एका वाटेने येऊ शकतो. टाइप २ मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात. ती चालू असताना कर्बोदकं एकदम बंद केली किंवा लांब उपास धरला तर कीटोन वाढू शकतात, आणि तेही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणून ही औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहारात असा बदल करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतो म्हणून थांबू नये; लगेच रुग्णालयात जाऊन कीटोन तपासून घ्यावेत.